नोंद नसलेला बाजार

डिसेंबरात कळंगुटच्या किनाऱ्यावर तीनच्या सुमाराला ऊन कलायला लागतं आणि जेवून सुस्तावलेली माणसं शॅकच्या सावलीतून बाहेर येतात. विक्रेत्यांची हीच वेळ. डोक्यावर कापडाचं गाठोडं, एका हाताला लटकवलेल्या मण्यांच्या माळा, दुसऱ्या हातात पैंजणांची जुडी, अशी लमाणी बाई ओल्या वाळूच्या कडेनं चालत येते. ओल्या वाळूत पाय रुतत नाहीत, शिवाय एका बाजूला खाटांवर पडलेली आणि दुसऱ्या बाजूला पाण्यातून निघणारी अशी दोन्हीकडची गिऱ्हाइकं नजरेत राहतात. कुणी नुसती मान वळवली तरी ती थांबते, खाली बसते आणि गाठोड्याची गाठ सोडते. आरसेकामाच्या पिशव्या, भरतकामाचे तुकडे जोडून केलेले पलंगपोस, कमरेला गुंडाळायची पातळ रंगीत वस्त्रं, कवड्या लावलेले पट्टे. सगळा माल त्या एका कापडावरच मांडलेला असतो, वाळूवर एकही वस्तू नसते. लांबवर खाकी कपडे दिसले की कापडाची चारही टोकं एका मुठीत धरून उठता आलं पाहिजे, म्हणून ही मांडणी.

तिच्या मागेपुढे आणखी कितीतरी जण. अननस-कलिंगडाच्या फोडी विकणारी गोव्याचीच बाई, शेंगदाण्याच्या पुड्या, गॉगल, फुगे, टोप्या, लहान ढोलक्या, तात्पुरते टॅटू काढून देणारी मुलं, डोकं-पाय चेपून देणारे. यांतलं कोणतंही दुकान जमिनीला टेकलेलं नाही. ते माणसाच्या खांद्यावर किंवा डोक्यावर आहे आणि माणूस चालतो तितकंच ते चालतं.

या बाजाराला गिऱ्हाईक किती? 2024 साली गोव्यात 1 कोटी 4 लाखांच्या आसपास पर्यटक आल्याचं राज्याच्या पर्यटन खात्याची आकडेवारी सांगते. त्यांतले परदेशी पावणेपाच लाखांहून थोडे कमी; बाकी सगळे आपले, देशातले. 2011 च्या जनगणनेप्रमाणे गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या थोडी वर होती. एवढ्याशा राज्यात वर्षाला कोटीभर माणूस येऊन जातो आणि त्यातला मोठा भाग बार्देश तालुक्यातल्या चार-पाच गावांच्या वाळूवर उतरतो. तिथे विक्रेता येणार नाही, अशी कल्पनाच करता येत नाही.

विक्रेता आला की त्याच्यासाठी सरकारकडे काय तयार आहे? गोव्याकडे 2001 सालचा पर्यटनस्थळांचं संरक्षण आणि देखभाल करणारा कायदा आहे. त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या. उघड्यावर दारू पिणं, किनाऱ्यावर चूल मांडून स्वयंपाक करणं, बाटल्या फोडणं, कचरा टाकणं, पर्यटकांना गाठून गळ घालणं आणि विनापरवाना विक्री करणं या सगळ्या गोष्टी एकाच माळेत ओवून ‘उपद्रव’ या सदराखाली घातल्या गेल्या. 2025 च्या पावसाळी अधिवेशनात विधानसभेनं पुन्हा दुरुस्ती विधेयक मंजूर केलं आणि दंड किमान 5,000 रुपयांपासून 1 लाखापर्यंत नेला. मद्यधुंद होऊन वाळूत बाटली फोडणारा आणि पैंजणं विकणारी बाई यांची गणना एकाच यादीत होते. मला हे मान्य नाही. बाटली फोडणाऱ्याला परवाना देऊन त्याचं काम सुरळीत करता येत नाही. विक्रेत्याला देता येतो. एकाला थांबवायचं असतं, दुसऱ्याला जागा, वेळ आणि शिस्त लावून द्यायची असते. दोन वेगळ्या कामांना एकच हत्यार वापरलं की दुसरं काम होतच नाही.

विक्रेत्यांविरुद्धच्या तक्रारी खोट्या आहेत, असं मी म्हणणार नाही. पर्यटकाची तक्रार खरी आहे. खाटेवर पाठ टेकून दहा मिनिटं होत नाहीत तोवर कुणीतरी समोर उभं राहतं. एकाला नाही म्हणावं तर दुसरा. मालिशच्या नावाखाली अंगचटीला येणारे आहेत, बायकांना एकटं पाहून मागे लागणारे आहेत, शाळेच्या वयाची मुलं माळा घेऊन फिरताना दिसतात. पहिली किंमत आणि शेवटची किंमत यांत दुपटी-तिपटीचं अंतर असतं आणि त्यातून कटुता येते. गावकऱ्यांची तक्रार त्याहून खोल आहे. शॅकवाला शुल्क भरतो, अनामत भरतो, पावसाळ्याआधी सगळा सांगाडा उतरवतो. त्याच्यासमोर उभं राहून कुणी बिनपरवाना माल विकत असेल तर त्याला राग येणारच. रापण ओढणाऱ्यांच्या होड्या जिथे उभ्या राहायच्या त्या वाळूवर आधी खाटा आल्या, मग खेळाच्या बोटी, मग विक्रेते. संध्याकाळी कलिंगडाच्या साली आणि प्लास्टिकचे पेले गावाच्या कचऱ्यात जातात. आपलं गाव आपल्या हातातून निसटत चाललं आहे, ही भावना बार्देशात फिरताना ठायी ठायी भेटते आणि ती समजून घेतल्याशिवाय या प्रश्नावर बोलण्यात अर्थ नाही.

पण या तक्रारींवरचं उत्तर देशानं दहा वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं आहे.

फेरीवाल्यांचा प्रश्न न्यायालयात पोचला तो मुंबईतून. बॉम्बे हॉकर्स युनियनचा खटला सर्वोच्च न्यायालयात 1980 च्या दशकात चालला. त्यातून फेरीवाला क्षेत्र आणि ना-फेरीवाला क्षेत्र ही कल्पना रुजली. 1989 साली सोदन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की रस्त्यावर विक्री करणं हा घटनेच्या 19(1)(छ) कलमाखालचा व्यवसायाचा हक्क आहे. त्यावर वाजवी बंधनं घालता येतात आणि अमुकच जागा हवी असा आग्रह धरता येत नाही. पुढची पंचवीस वर्षं धोरणं, समित्या, पुन्हा खटले यांत गेली. अखेर 2014 साली संसदेनं पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचं संरक्षण आणि पथविक्रीचं विनियमन करणारा कायदा केला आणि तो त्या वर्षी 1 मेपासून लागू झाला.

हा कायदा नीट वाचला तर लक्षात येतं की तो विक्रेत्यांना मोकळं रान देत नाही. तो क्रम लावतो. आधी सर्वेक्षण. किमान पाच वर्षांतून एकदा प्रत्येक विक्रेता मोजायचा. मग नगर पथविक्रेता समिती, जिच्यात किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी स्वतः निवडलेले आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका. मग विक्री प्रमाणपत्र: एका जागी बसणाऱ्याला वेगळं, फिरत्याला वेगळं. मग विक्रीची क्षेत्रं, वेळा, शुल्क. सर्वेक्षण पुरं होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणालाही हुसकावायचं नाही. नंतर हलवायचं झालं तर 30 दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर तिथल्या तिथे त्याची यादी करून द्यायची. नाशवंत माल त्याच दिवशी आणि टिकाऊ माल दोन कामकाजाच्या दिवसांत, शुल्क भरून घेऊन परत द्यायचा. प्रमाणपत्राशिवाय विक्री केली किंवा अटी मोडल्या तर दंड आहे, आणि त्याची कमाल मर्यादा 2,000 रुपये आहे. देशाच्या कायद्यातला सगळ्यांत मोठा दंड गोव्याच्या कायद्यातल्या सगळ्यांत छोट्या दंडाच्या निम्म्याहूनही कमी भरतो.

किनाऱ्यावरच्या कारवाईत त्या जप्तीच्या यादीचं मोल फार आहे. नग किती, कोणत्या वस्तू, कुणी घेतल्या, कुठे ठेवल्या, एवढं कागदावर आलं की विक्रेता दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन कचेरीत उभा राहू शकतो. कागद नसेल तर माल परत मिळवण्याची एकच वाट उरते आणि ती कशी असते हे फेरीच्या धंद्यातल्या कुणालाही विचारावं. हप्त्याचं मूळ तिथेच आहे. नियम अस्पष्ट राहिले की मधल्या माणसाचं पोट भरतं, हा मुंबईच्या फुटपाथाचा अनुभव किनाऱ्यालाही लागू आहे.

मग 2014 चा हा कायदा कळंगुटच्या लमाणी बाईला लागू का पडत नाही? इथे खरी गोम आहे, आणि या विषयावरच्या चर्चेत ती क्वचितच येते. कायद्यात ‘स्थानिक प्राधिकरण’ म्हणजे महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत किंवा कटक मंडळ. ग्रामपंचायत त्या व्याख्येत नाही. कळंगुट, तिथली गर्दी, हॉटेलं, वाहतुकीची कोंडी हे सगळं पाहून कुणीही त्याला शहरच म्हणेल; पण कारभाराच्या दृष्टीनं तिथे ग्रामपंचायत आहे. कांदोळी ग्रामपंचायत, हणजूण-कायसूव ग्रामपंचायत, मोरजी, हरमल ग्रामपंचायती. दक्षिणेत कोलवा, बाणावलीही तशीच. मिरामार पणजी महापालिकेत येतं, पाळोळे काणकोण पालिकेत, म्हणून तिथे कायदा पोचू शकतो. बाकी गोव्याचा जो किनारा जगाला माहीत आहे त्यातला बहुतेक भाग या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला. रेल्वेच्या हद्दीला संसदेनं स्पष्ट कलम लिहून कायद्यातून वगळलं होतं. किनाऱ्याला असं कुणी वगळलं नाही. तो व्याख्येच्या फटीतून खाली पडला आणि कुणी वाकून उचलला नाही.

परिणाम असा की पणजीच्या पदपथावरच्या विक्रेत्याला निदान मागायला एक कायदा आहे. त्याची अंमलबजावणी कितीही रखडलेली असो, तो कायदा त्याला उपजीविका असलेला माणूस मानतो. आठ-दहा मैलांवरच्या कळंगुटात त्याच माणसाची दखल घेणारा एकच कायदा हाताशी उरतो आणि तो त्याला उपद्रव मानतो.

केंद्र सरकारला दुसऱ्या एका योजनेत ही फट दिसली आहे. कोविडकाळात 1 जून 2020 ला पथविक्रेत्यांना बिनतारण कर्ज देणारी पीएम स्वनिधी योजना सुरू झाली. पहिला हप्ता 10,000, मग 20,000, मग 50,000 रुपये. ती शहरी विक्रेत्यांसाठी होती. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ती मार्च 2030 पर्यंत वाढवली, पहिली दोन कर्जं 15,000 आणि 25,000 केली आणि योजना टप्प्याटप्प्यानं जनगणना नगरांपर्यंत, म्हणजे कारभार ग्रामपंचायतीचा पण रूप शहराचं अशा गावांपर्यंत नेण्याचं ठरवलं. 2011 च्या जनगणनेत कळंगुट आणि कांदोळी ही दोन्ही जनगणना नगरं आहेत. म्हणजे या गावांतल्या विक्रेत्याला कर्ज देण्याचा रस्ता खुला होतो आहे. कर्ज काढून आणलेला माल जिथे विकायचा, तिथे उभं राहण्याचा हक्क मात्र त्याला अजून नाही.

आणखी एक अडचण आकड्यांची आहे. 2014 च्या कायद्यानं क्षमतेचा एक ढोबळ ठोकताळा दिला: लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्यावेत. मुंबई-पुण्यासाठी तो एकवेळ ठीक. पर्यटनाच्या गावाला तो बसत नाही. कळंगुटची 2011 ची लोकसंख्या चौदा हजारांच्या आत; अडीच टक्के म्हणजे साडेतीनशेही नाहीत. पण हे गाव नाताळच्या आठवड्यात किती माणसांचं असतं? आणि जुलैत, पाऊस झोडपत असताना, किती विक्रेत्यांना तिथे धंदा मिळेल? पर्यटनस्थळी क्षमता ठरवायची तर राहणाऱ्यांसोबत येणाऱ्यांचीही मोजदाद हवी, आणि ती महिन्यागणिक बदलती हवी. माथेरानला नगरपरिषद आहे, त्यामुळे कायदा लागू. पण चार-साडेचार हजार वस्तीच्या गावाच्या अडीच टक्क्यांतून शंभर-सव्वाशे विक्रेते निघतात. शनिवार-रविवारी दस्तुरी नाक्यावरून आत येणारी गर्दी पाहिलेल्या माणसाला या हिशेबाचा तोकडेपणा सांगावा लागणार नाही.

हंगामी धंद्याला हंगामी परवाना देता येतो, हे गोव्यानं स्वतःच सिद्ध केलं आहे. शॅकचं उदाहरण घ्या. 2011 च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत गोव्यासाठी खास तरतूद होती: सप्टेंबर ते मे या काळात परंपरेनं उभ्या राहणाऱ्या तात्पुरत्या बांधकामांना मुभा. त्या आधारावर राज्य दर तीन वर्षांनी शॅक धोरण आखतं. किती शॅक, कोणत्या किनाऱ्यावर, कुणाला, किती शुल्क, दोन शॅकमध्ये अंतर किती, कधी उभारायचे, कधी उतरवायचे हे लिहिलेलं असतं. अर्ज येतात, सोडत निघते, यादी लागते. 2023 ते 2026 च्या धोरणात अनुभवी अर्जदारांना 90 टक्के जागा आणि नव्यांना 10 टक्के होत्या. या धोरणात दोष आहेत. सगळ्यांत मोठा दोष म्हणजे परवाना स्थानिकाच्या नावावर आणि धंदा दुसऱ्याच्या हातात. फेब्रुवारी 2025 मध्ये कळंगुटचे आमदार मायकल लोबो यांनी किनाऱ्यावर इडली-सांबार विकलं जातं म्हणून परदेशी पर्यटक घटले, असं विधान केलं आणि देशभर त्याची चर्चा झाली. त्या गदारोळात त्यांच्या म्हणण्याचा दुसरा भाग मागे पडला: गोवेकरच आपले शॅक बाहेरच्यांना भाड्यानं देतात. हा भाग गंभीर होता. पण दोष असले तरी शॅकवाल्याला धोरण आहे, त्या धोरणावर भांडता येतं, न्यायालयात जाता येतं. खाट टाकणाऱ्याला सरकारनं नऊ महिन्यांचा हंगाम आखून दिला. त्याच खाटेशेजारून चालणाऱ्या बाईला एक ओळीचाही नियम दिला नाही.

गावांच्या पातळीवर एक जुनी व्यवस्था मात्र आहे. गोव्यात बाजारात बसणाऱ्याकडून ‘सोपो’ घेतात. पालिका किंवा पंचायत तो गोळा करते. अनेक ठिकाणी त्याचा लिलाव होतो आणि ठेकेदार वसुली करतो. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार सोपोवर चालतो. हणजूणचा बुधवारचा बाजारही पाहण्यासारखा आहे. 1970 च्या दशकात हिप्पींनी आपल्याकडच्या जुन्या वस्तूंची देवघेव करायला तो सुरू केला, आज तिथे हिप्पी नावालाही नाहीत आणि लमाणी, काश्मिरी, राजस्थानी विक्रेत्यांच्या रांगा आहेत. एखादा बाजार पन्नास वर्षं त्याच वारी, त्याच गावात भरत असेल तर त्याला काय म्हणायचं? 2014 च्या कायद्यात ‘नैसर्गिक बाजार’ अशी संकल्पना आहे: जिथे विक्रेते आणि गिऱ्हाइकं परंपरेनं जमत आली ती जागा. अशा जागेला संरक्षण द्यावं आणि पन्नास वर्षांहून जुन्या बाजाराला वारसा बाजार मानावं, असं कायद्यासोबतच्या अनुसूचीत म्हटलं आहे. हणजूणच्या बाजाराला ही ओळख मिळायला हवी. ते गाव पालिकेत नाही एवढ्या एका कारणानं ती मिळू शकत नाही.

सोपोच्या पावतीबद्दल माझा एक आग्रह आहे. पैसे घेऊन पावती दिली, म्हणजे पंचायतीनं त्या माणसाचं तिथे असणं मान्य केलं. वर्षानुवर्षं फी घ्यायची आणि वेळ आली की हा माणूस इथे नव्हताच असं म्हणायचं, हे कुठल्याही सार्वजनिक संस्थेला शोभत नाही. सर्वेक्षण होईल तेव्हा या पावत्या जुन्या उपस्थितीचा पुरावा म्हणून धराव्यात.

आता ‘भायल्यां’चा प्रश्न. गोव्यात हा शब्द फार तीव्रतेनं उच्चारला जातो आणि कोकणातही त्याचे पडसाद आहेत. किनाऱ्यावरचे बरेच विक्रेते परप्रांतातले आहेत, हे खरं. लमाणी बायका उत्तर कर्नाटकातल्या तांड्यांवरून येतात. त्यांतल्या कित्येक कुटुंबांची दुसरी पिढी गोव्यातल्या शाळांत शिकली. पावसाळ्यात कोरडवाहू शेती, हिवाळ्यात किनारा, असं त्यांचं वर्ष असतं. हा समाज मुळातच फिरता. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुखभर व्यापार करणारा. इंग्रजांच्या राज्यात रस्ते आणि रेल्वे आली, त्यांचा व्यापार संपला. वर 1871 च्या कायद्यानं सुरू झालेल्या गुन्हेगार जमातींच्या याद्यांत त्यांची नावं गेली. महाराष्ट्रात आपण या बंजारा समाजाला विमुक्त जातींत गणतो, ते याच इतिहासामुळे. ज्या लोकांचं फिरणंच एकदा गुन्हा ठरवलं गेलं, त्यांना पुन्हा फिरण्यासाठी दंड करताना सरकारनं दोनदा विचार करावा.

त्यांच्या हातातली कला देशाला ठाऊक आहे. संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. जुलै 2023 मध्ये जी-20 च्या संस्कृतिविषयक बैठकीसाठी हंपीत साडेचारशेहून अधिक लंबाणी बायकांनी केलेल्या 1,755 भरतकामांचं प्रदर्शन भरलं आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. किनाऱ्यावर विकलं जाणारं सगळंच काही हाताचं नसतं, बराचसा माल कारखान्यातून येतो, हे मान्य करायला हवं. पण परवाना देताना हाताच्या कामाला वेगळी जागा, वेगळी खूण आणि कमी शुल्क ठेवलं तर बायका पुन्हा सुईकडे वळतील आणि किनाऱ्यावरचा मालही सुधारेल. आजच्या धरपकडीत असा विचार करायला कुणाला सवडच नाही.

स्थानिकांना प्राधान्य हवं, याला माझा विरोध नाही. महाराष्ट्रानं आपल्या फेरीवाला योजनेत अधिवासाची अट घातली, त्यावर वाद झाले. गावातल्या फळं विकणाऱ्या, मासळी विकणाऱ्या, काजू-कोकम विकणाऱ्या बायकांना पहिली पसंती द्यावी, टक्के ठरवावेत. पण प्राधान्य देण्यासाठीसुद्धा यादी लागते. कोण किती वर्षांपासून येतं, कुणाचं गाव कोणतं, कुणाला दुसरं उत्पन्न आहे, कोण एका मालकाच्या वीस माणसांपैकी एक आहे, हे मोजल्याशिवाय प्राधान्य कुणाला देणार? हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. वाळूवर फिरणारा प्रत्येक जण स्वतःचा धनी नसतो. काही जण कुणाचातरी माल रोजंदारीवर विकतात. 2014 च्या कायद्याला स्वतः किंवा कुटुंबातल्या माणसानं विक्री करणारा विक्रेता अभिप्रेत आहे. हा निकष लावला की मागचे मालक आपोआप उघडे पडतील. आज दंड मात्र पुढे उभ्या असलेल्या पोराला होतो.

महाराष्ट्राच्या वाचकांनी हा सगळा प्रश्न गोव्याचा म्हणून बाजूला सारू नये. आपल्या कोकण किनाऱ्यावर अलिबाग, मुरूड-जंजिरा, मालवण इथे नगरपरिषदा आहेत. काशीद, गणपतीपुळे, तारकर्ली ही गावं आहेत. काशीदच्या सुरूच्या बनातल्या भजी-चहाच्या टपऱ्या, गणपतीपुळ्याच्या देवळासमोरच्या वाळूवरचे उंट-घोडे आणि शहाळी, तारकर्लीतली सोलकढी आणि आंबोळ्या हे सगळं ग्रामपंचायतींच्या हद्दीत, त्याच फटीत आहे. 2020 साली महाराष्ट्र सरकारनंही शॅक धोरण जाहीर केलं, आठ किनारे निवडले आणि 80 टक्के शॅक स्थानिकांसाठी ठेवले. धोरण शॅकपाशी थांबलं. टोपलीवाली, हातगाडीवाला त्यात आला नाही. कोकणात हा धंदा आज प्रामुख्यानं गावच्याच माणसांच्या हातात आहे; म्हणूनच नियम करायला ही वेळ चांगली. मुंबई-गोवा रस्ता पुरा झाला आणि गर्दी दुपटीनं वाढली की मग नियम करणं म्हणजे भांडणात पंच होणं.

बाहेरच्या देशांतले दोन दाखले थोडक्यात देतो. सिंगापूरनं 1968-69 मध्ये आधी सगळ्या फेरीवाल्यांची नोंदणी केली आणि मग 1971 ते 1986 अशी पंधरा वर्षं घेऊन त्यांना बांधीव केंद्रांत बसवलं. 2020 मध्ये त्या खाद्यसंस्कृतीला युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. उलट थायलंडच्या फुकेत बेटावर 2014 मध्ये लष्करी राजवटीनं किनारे एका झटक्यात मोकळे केले. नंतर पर्यटकांना छत्री नाही, बसायला चटई नाही म्हणून किनाऱ्याचा दहा टक्के भाग आखून तिथे धंद्याला पुन्हा परवानगी द्यावी लागली. त्या दहा टक्क्यांची कल्पना मला उपयोगी वाटते. किनाऱ्याच्या दोन टोकांना विक्रीचे पट्टे आखावेत, मधला भाग शांत ठेवावा, ज्याला खरेदी करायची तो चालत पट्ट्यात जाईल आणि ज्याला झोपायचं तो झोपेल. जुहूला खाद्यविक्रेते ओळीच्या गाळ्यांत बसतात आणि लोक पाणीपुरी खायला तिथे चालत जातातच.

नोंदणीचा आग्रह धरताना मुंबईचा इशाराही लक्षात ठेवायला हवा. मुंबई महापालिकेनं 2014 मध्ये फेरीवाल्यांचं सर्वेक्षण केलं. नगर पथविक्रेता समितीच्या निवडणुकीला मतदान झालं ते 29 ऑगस्ट 2024 ला, दहा वर्षांनी. या दहा वर्षांत कायद्यानं दिलेलं संरक्षणही मिळालं नाही आणि शिस्तही लागली नाही; रहिवासी वैतागले, फेरीवालेही वैतागले. किनारी गावं लहान आहेत. एका किनाऱ्यावरचे विक्रेते मोजायला दहा वर्षं लागत नाहीत. ग्रामसेवक, तलाठी आणि गावच्या बचत गटाच्या चार बायका मिळून ते काम एका पंधरवड्यात करू शकतात. डिसेंबरात एकदा, एप्रिलात एकदा. फोटो, नाव, गाव, माल, किती वर्षं. गळ्यात ओळखपत्र, त्यावर पट्ट्याचं नाव आणि वेळ. मालिश आणि टॅटूसारख्या अंगाला हात लावणाऱ्या कामांना फिरती परवानगी मुळीच नको, त्यांना ठरलेली जागाच हवी. चौदा वर्षांखालचं मूल विकताना दिसलं तर ओळखपत्र रद्द. कचऱ्याची जबाबदारी पट्ट्यातल्या विक्रेत्यांची, सामुदायिक. एवढं झालं की पोलिसाला कुणाला हटवायचं आणि कुणाला हात लावायचा नाही हे ओळखपत्रावरून कळेल, आणि पर्यटकाला तक्रार करायला क्रमांक मिळेल.

कायद्यातली दुरुस्ती दोन जागी हवी. केंद्रानं 2014 च्या कायद्यातल्या स्थानिक प्राधिकरणाच्या व्याख्येत जनगणना नगरं आणि अधिसूचित पर्यटनस्थळांच्या ग्रामपंचायती घ्याव्यात, आणि पर्यटनस्थळांसाठी अडीच टक्क्यांऐवजी हंगामी क्षमतेचा निकष ठेवावा. गोव्यानं आपल्या पर्यटनस्थळ कायद्यातल्या उपद्रवाच्या यादीतून विक्री बाहेर काढून तिच्यासाठी शॅकसारखं स्वतंत्र धोरण लिहावं. दंड राहू द्या; पण ज्याला परवाना मागायची खिडकीच नाही त्याला विनापरवाना म्हणून दंड करू नका.

दिल्ली आणि पर्वरीतली गोव्याची विधानसभा यांची वाट पाहत बसण्याची मात्र गरज नाही. बाजार भरवणं, त्याची फी घेणं, त्याला शिस्त लावणं हे ग्रामपंचायतीचं जुनं काम आहे. कोकणातल्या किनारी गावांतल्या वाचकांना माझी विनंती आहे: 26 जानेवारीच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यायला लावा. ठराव एवढाच असू दे की आपल्या किनाऱ्यावर विक्री करणाऱ्या प्रत्येक माणसाची, गावच्या आणि बाहेरच्या, पंचायत येत्या हंगामात नोंद करील, आणि नोंद पुरी होईपर्यंत कुणाचाही माल पावतीशिवाय उचलला जाणार नाही.